दचकणारा हात

एकदा एका सरकारी माळरानावरचे तळे गाळाने पार बुजत आले होते. दर वैशाखात एक वृद्ध गुरुजी आसपासच्या गावांतली शाळकरी मुलेमुली गोळा करीत आणि सुट्टीभर त्यांच्याबरोबर तो गाळ उपशीत.

त्या वर्षी त्यांच्यात शर्वाणी नावाची मुलगी होती. आली होती हौसेने. पण पायाशी सरडा सळसळला तरी तिच्या हातून घमेले सुटायचे. मुले म्हणत, हिला स्वतःची सावलीसुद्धा चावते. शेवटी धिप्पाड चंद्रसेनाने गुरुजींना सुचवले की हिला घरी धाडावे, काम खोळंबते. शर्वाणी मान खाली घालून ऐकत राहिली. आता परत गेले, तर घरचे पुन्हा कुठेच पाठवणार नाहीत, हे तिला पक्के ठाऊक होते.

गुरुजींनी तिला धाडले नाही. उलट तळ्याच्या सर्वांत खोल, ओलसर भागात सर्वांच्या पुढे बसवले आणि बजावले, की हिने खुरप्याने उकरून पाहिल्याशिवाय मागच्यांनी कुदळ उचलायची नाही. मुले एकमेकांकडे पाहू लागली. म्हातारपणी असे होते, असेही कुणी पुटपुटले.

शर्वाणी जीव मुठीत धरून उकरत होती. दुपारी खुरपे एका गोल दगडाला लागले. तिने हात घातला, आणि दगड हलला. ती किंचाळून मागे सरली.

"झालं हिचं सुरू," म्हणत चंद्रसेनाने कुदळ उगारली. "सरक, मी काढतो."

"आधी वाकून बघ," गुरुजी म्हणाले.

चिखल बाजूला झाला. आत ताटलीएवढे कासव पाय पोटाशी घेऊन निजले होते. शेजारी दुसरे. पलीकडे आणखी एक. थेंबभर पाणी नसलेल्या त्या तळाशी अख्खे गोत पावसाची वाट पाहत पडले होते. चंद्रसेनाने कुदळ हलकेच खाली ठेवली.

मग गुरुजी म्हणाले, "धीट हात भराभर चालतो, पण समोर कोण आहे हे त्याला घाव बसल्यावर कळतं. इथं आपल्याशिवाय आणखी कुणी आहे, हे हिच्या अंगाला आपल्याआधी कळतं. दचकणं म्हणजे तेवढंच. पोरी, फक्त पळू नकोस. थांब, आणि बघ."

शर्वाणीने हात पुन्हा कवचावर ठेवला. खाली काहीतरी सावकाश सरकले. या वेळी तिने हात काढला नाही.

तो कोपरा ओल्या गाळाने पुन्हा झाकला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रसेन तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आज आम्ही पलीकडं खणणार आहोत. आमच्या ओळीपुढंही ये ना जरा."

रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीवर घाव घालण्याआधी माणसाने थोडेसे दचकावे.