म्हादबानं व्याह्यांना हिरवा उजेड दाखवला

पंचक्रोशीत माझ्याएवढा शिकलेला माणूस नाही. एकट्या चौथीतच मी तीन वर्षं काढली आहेत. तेव्हा सांगतो ते नीट ऐका. मास्तर लोकांनी तर जरा पुढे सरकून ऐका.

एका गावात एक भोळा गडी होता. नाव म्हादबा. सांगितलेलं तो कधीच विसरत नसे. सगळी रड तिथंच होती.

म्हादबा कुलथे मास्तरांकडे कामाला. मास्तरांनी स्वतः आरसा घासून घासून एक दुर्बीण बनवली होती. मास्तरीणबाईंपेक्षा तिची विचारपूस जास्त. तिच्या नळीवर त्यांनी लेझरची कांडी बांधली. दुर्बीण बघेल तिकडे हिरवा उजेड जाणार. मग काय, मास्तर चढले हरभऱ्याच्या झाडावर. दरीपलीकडच्या व्याह्यांना, उदावंतांना म्हणाले, "आमच्या टेकडीवरून तुमच्या टेकडीवर उजेड पाठवतो!"

व्याही म्हणाले, "अमावस्येपर्यंत दिसला तर तुमचं खरं. नाही दिसला तर दुर्बीण माझी."

मास्तर तावातावानं हो म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा गुडघा धरला. टेकडी चढवेना. गेला दुर्बीण घेऊन म्हादबा. निघताना मास्तरांनी बजावलं,

"हे बघ, लेझर डोळ्यात गेला तर डोळा जाईल. समोर माणूस दिसला तर बटण दाबायचं नाही."

"ध्यानात ठेवतो, मास्तर."

ठेवलं. दिवेलागणीला दुर्बिणीतून बघतो, तर पलीकडे बॅटरी घेऊन व्याही उभे. माणूसच की! म्हादबा बटणाला बोटही न लावता घरी आला.

"अरे शहाण्या, त्यांनाच तर दाखवायचंय! आधी फोन कर. त्यांचे डोळे सांभाळ, मग दाब."

"ध्यानात ठेवतो, मास्तर."

ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी फोन लावला. "पाव्हणं, डोळे गच्च मिटा."

व्याह्यांनी मिटले. म्हादबानं बटण दाबून पोटभर उजेड पाठवला. मग बटण सोडलं. "आता उघडा. दिसला का?"

"काय दिसणार, कपाळ?"

इकडे मास्तरांनी स्वतःचं कपाळ बडवलं. "उजेडाकडे टक लावून बघू नका, एवढंच सांगायचं रे! डोळे उघडे ठेवायचे, उघडे!"

"ध्यानात ठेवतो, मास्तर."

ठेवलं. सकाळी मास्तरीणबाई परसात मिरच्या कांडत होत्या. खकाणा उडाला, त्यांनी डोळे मिटले. म्हादबा अंगणातून ओरडला, "बाई, उघडे ठेवा! मास्तरांचा हुकूम आहे!" मुसळाच्या आवाजात बाईंना काही ऐकू जाईना, आणि ह्याचं ओरडणं थांबेना.

मास्तर लंगडत बाहेर आले. "काय बोंबलतोस? लांबून जमत नसेल तर जवळ जावं माणसानं!"

"ध्यानात ठेवतो, मास्तर."

हं. इथं जरा पान जमवून घ्या.

अमावस्या उजाडली. मास्तरांना जेवण गेलं नाही. संध्याकाळी म्हादबा टेकडीवर चढला, आणि दरीतून धुकं वर आलं. हे एवढं दाट! त्यानं बटण दाबून फोन केला.

"पाव्हणं, डोळे उघडे हायेत ना?"

"उघडेच आहेत रे. पण काहीसुद्धा दिसत नाही."

म्हादबा विचारात पडला. लांबून काही जमेना.

खाली मास्तर उंबऱ्यावर फोन घेऊन बसलेले. ना म्हादबा परत येतोय, ना फोन वाजतोय. आता दुर्बीण गेली, असं म्हणून त्यांनी डोळ्यांना धोतराचा सोगा लावला, तेवढ्यात फोन वाजला. व्याही होते.

"दिसला हो मास्तर, दिसला! भिंतीवर हिरवागार!"

मास्तरांनी दुखऱ्या गुडघ्यावर उडी मारली. "दिसला ना? तुमच्याच तोंडानं म्हणालात! म्हणजे दुर्बीण माझीच!"

"तुमचीच हो, तुमचीच. म्हादबा दुधाच्या टेम्पोत घालून घेऊन आलाय, माझ्या माजघरात उभी आहे. तुम्हाला तिथून दिसते का, तेवढं सांगा."