चेअरमनचे गुडघे आणि टेम्पोचं इंजिन

दौलतराव खराडे बावीस वर्षं दूध संघाचे चेअरमन होते, आणि आपल्याला कळत नाही असा विषय त्यांना अजून भेटला नव्हता. संघाचा टेम्पो निळसर धूर ओकू लागला, तेव्हा संचालकांच्या बैठकीत त्यांनी फर्मावलं, "ते इंजिन भंगारात काढा. नवीन मागवा."

इलाही मिस्त्रींना नुसतं हो म्हणायला बोलावलं होतं. ते म्हणाले, "साहेब, नवीन यायला दोन महिने लागतील. तोवर डोंगरातल्या वाड्यांचं दूध नासेल. पिस्टन-रिंगा झिजल्यात, तेवढ्या बदलतो. आठ दिवसांत टेम्पो घाट चढेल."

"मिस्त्री, झिजलेल्या वस्तूला ठिगळं लावायची नसतात. अख्खी बदलायची असते."

"बरं साहेब. पण गेल्या साली तुमचे गुडघे झिजले, तेव्हा डॉक्टरांनी गुडघेच बदलले. चेअरमन तेच ठेवले."

कोणी हसलं नाही. उपाध्यक्षांनी शांतपणे चष्मा पुसला.

"तो राहिलेला विषय," ते म्हणाले, "आजच आयत्या वेळच्या विषयांत घेता येईल."

चेअरमननी बसल्या जागी दुरुस्तीच्या कागदावर सही केली आणि बैठक संपल्याचं जाहीर केलं.