दौलाच्या गोष्टीला हुंकारा

“हं…”

आजोबांचा तो आवाज भागोजीच्या कानात अजून होता. विहिरीवर मोटेचं चाक कुरकुरायचं, आणि मोटेचं पाणी पडायच्या थारोळ्याच्या काठाशी बसून लहानगा भागोजी हरवलेल्या कालवडीची गोष्ट रचत असायचा. मध्येच अडायचा. मग त्या कुरकुरीतून आजोबांचा हुंकारा यायचा, आणि अडलेली कालवड पुढं चालू लागायची.

त्याला आता बरीच वर्षं झाली होती. आजोबा गेले, मोटही गेली.

“मग माझ्याच गोष्टीला हुंकारा का नाही, बाबा?” भागोजीनं करमशा बाबांना विचारलं.

अंबडच्या रस्त्याला फकिराचा एक तकिया होता. कडुनिंबाखाली ओटा, ओट्यावर एक गोधडी, गोधडीवर करमशा फकीर. दुपारी बाजाराहून परतणाऱ्या बाया सावलीला टेकायच्या आणि बाबा त्यांना गोष्ट सांगायचे. पण यंदा बाबांचा घसा बसला तो बसलाच. उरूस तोंडावर आला होता. उरुसात गोधडीवर बसून गोष्ट कोण सांगणार, ते बाबांनी अजून सांगितलं नव्हतं.

बाबांचे शिष्य दोनच. एक भागोजी, दुसरा दौला.

“कालवड सांगितली, राजा सांगितला, सात भाऊ सांगितले,” भागोजी म्हणाला. “एक शब्द इकडचा तिकडं नाही. तुम्ही नुसते बसून राहता. आणि तो दौला… त्याला राजाचं नाव आठवत नाही, ते बायांना विचारतो. त्याला मात्र तुम्ही हुंकारा देता.”

बाबा सुपारी कातरत राहिले.

“तुमचे हुंकारे मी ऐकत असतो, बाबा. मोजत नाही, पण ऐकत असतो.”

“आज दौला सांगणार आहे,” बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. “हुंकारा तू दे.”

“मी?”

“माझा घसा बसलाय.”

 बाबांना नाही म्हणायची सोय नव्हती.

बाया आल्या. पाट्या उतरवून पदरानं वारा घेऊ लागल्या. लसूण विकणारी ठकूबाई सगळ्यांत पुढं, पाय पसरून बसली.

दौलानं पाण्याची घागर ओट्याखाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि भागोजीकडं पाहून हसला.

“दादा, तुम्ही हुंकारा देणार? मग माझी काळजी मिटली.”

त्याच्या हसण्यात काही खोट नव्हती. भागोजीला तेच सोसेना.

दौलानं गोष्ट धरली. एक सासुरवाशीण माहेरी निघाली. डोक्यावर टोपली, टोपलीवर फडकं.

“हं,” भागोजी म्हणाला. दारात आलेल्या कुत्र्याला हाकलावं, तसं.

“तिचं नाव… काय बरं…”

“चंद्रभागा ठेव,” ठकूबाई म्हणाली. “माझ्या नणंदेचं आहे. तिलाही कोण धाडत नव्हतं माहेरी.”

“तर चंद्रभागा निघाली.”

“हं.”

ही गोष्ट भागोजीला तोंडपाठ होती. बाबांकडूनच घेतलेली. वाटेत नदी लागते. नावाडी अडवतो, टोपलीत काय आहे विचारतो. ती दाखवत नाही. तो ऐकत नाही. शेवटी ती फडकं काढते आणि आत नाग निघतो. भागोजी सांगायचा तेव्हा नाग असा फणा काढायचा की बाया मागं सरकायच्या. गोष्ट संपली की म्हणायच्या, वा, काय सांगतो. आणि पाट्या उचलून जायच्या.

दौला नदीपर्यंत आला.

“नावाडी म्हणाला, दाखवल्याशिवाय नाव सुटायची नाही. मागं माणसं खोळंबलेली. तिनं टोपली उतरवली. फडक्याला हात घातला…”

दौला थांबला.

हुंकाऱ्याची जागा होती. भागोजीनं ओठ मिटून घेतले.

अडू दे. याला कळू दे…

निंबाची पानं हलली. कुणी खोकलं.

“अरे, दे की हुंकारा,” ठकूबाई करवादली. “बाई ताटकळलीय तिथं नदीवर.”

भागोजीनं मान फिरवली नाही. तो दौलाकडं बघत होता. दौला रागावला नव्हता, ओशाळलाही नव्हता. त्याचा हात तसाच हवेत होता, न दिसणाऱ्या फडक्यावर, आणि तो थोडा भ्यालेला दिसत होता. फडक्याखाली काय निघेल हे जणू त्यालाही ठाऊक नव्हतं.

भागोजीला ठाऊक होतं. नाग.

नाग होता ना?

“हं?” भागोजीच्या तोंडून गेलं.

दौलानं फडकं काढलं.

“टोपली रिकामी होती,” तो म्हणाला.

बाया पुढं सरकल्या.

“रिकामीच घेऊन निघाली होती. आईला द्यायला काही नव्हतं. वाटेत कुणाला दिसू नये म्हणून झाकली होती.”

ठकूबाईनं पदर डोळ्यांना लावला. मागं एक बाई आपली पाटी उगाच जवळ ओढून बसली.

“मग नावाड्यानं काय केलं असंल?” दौलानं विचारलं.

“सोडली असंल की रं तिला,” ठकूबाई म्हणाली.

“सोडली,” दौला म्हणाला.

बाया पाट्या उचलून निघाल्या. वाटेला लागल्यावरही त्यांचा आवाज ऐकू येत राहिला. चंद्रभागेचंच चाललं होतं.

दौला घागर घेऊन विहिरीकडं गेला.

“बसवा त्यालाच गोधडीवर,” भागोजी म्हणाला. “बसवणारच आहात.”

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

“टोपलीत नाग असतो. तुम्हीच शिकवलंय. त्यानं पार वाट लावली गोष्टीची.”

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“मी हुंकारा देणारच नव्हतो. चुकून गेला.”

बाबा सुपारी चघळत राहिले.

“त्याला साधं नाव आठवत नाही, बाबा. आणि मी… मी रात्र रात्र घोकतो. त्यानं ते फडकं काढलं ना… तेव्हा मला असं वाटलं, की हे मला… मला का…”

पुढचा शब्द येईना. भागोजीनं शोधला. पाठ केलेल्या इतक्या गोष्टींत तो कुठंच नव्हता. एक लिंबोळी ओट्यावर पडली आणि घरंगळत गेली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग हाताकडं, मग गोधडीकडं.

दौला भरलेली घागर घेऊन आला होता. त्यानं दोघांकडं पाहिलं. आवाज न करता घागर टेकवली आणि निघून गेला.

भागोजीचं तोंड अजून अर्धं उघडंच होतं.

करमशा बाबा जरा पुढं वाकले.

“हं…” ते म्हणाले.