गौरीफळाचं कुंपण

फार फार वर्षांपूर्वी, जनावरं माणसांसारखं बोलत तेव्हाची ही हकीकत. एका उंच पठारावर सावू आणि तिचा नवरा धुळू शेळ्या राखत. शेळ्यांच्या वाडग्याभोवती सुक्या काट्यांचं कुंपण असे. बिबळ्या यायचा, पंजाने काटे सारायचा आणि शेळी उचलून न्यायचा.

एकदा त्याने सावूची लाडकी गाभण शेळी नेली. सावूने डोळे पुसले, कोयता घेतला आणि ओढ्याकाठच्या गौरीफळाच्या जाळीत शिरली. गौरीफळ म्हणजे गुलाबाच्याच कुळातलं झुडूप. अंगभर काटे, पांढरी फुलं आणि गोड पिवळी फळं. तिने मुळांसकट रोपं आणून वाडग्याभोवती लावली.

"अगं, हे वाढणार कधी?" धुळू हसला.

"आपण म्हातारे व्हायच्या आत खास वाढेल."

कुंपण कमरेएवढं झालं आणि उन्हाळ्यात वणवा आला. शेळ्या ओढ्यात नेल्या म्हणून वाचल्या. कुंपणाची मात्र राख झाली.

धुळूने बोचकं बांधलं. "चल, खाली तुझ्या भावाच्या गावी जाऊ. इथे आता आहे काय?"

सावू गुडघ्यांवर बसली. तिने राख सारली, माती उकरली आणि एका मुळाला नखाने ओरखडलं. आत ओल होती.

"मूळ जितं आहे," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे. याला कोंब फुटल्याशिवाय मी हलायची नाही."

तिला एकटीला सोडून जायला धुळूचा पाय निघेना. त्याने बोचकं सोडलं आणि घागर उचलली. दोघं ओढ्याचं पाणी वाहू लागले. सावूच्या खांद्याची सालटी निघाली, पण तिने एक दिवस चुकवला नाही.

पावसाबरोबर कोंब आले. पुढच्या वर्षी पांढरी फुलं आली. फांद्या वाकून जमिनीला टेकल्या, तिथेही त्यांनी मुळं धरली. कुंपण दाट झालं.

मग एका संध्याकाळी बिबळ्या आला. त्याने पंजा घातला. काटे खोल रुतले. अंगाने रेटलं, झुडूप जागचं हललं नाही.

"मला वाट दे," तो गुरगुरला.

"नाही देणार," सावू आतून म्हणाली.

"मग मी उपाशी राहू?"

"रानात भेकरं आहेत, ससे आहेत. इथलं एक करडूही तुला मिळायचं नाही."

बिबळ्या लंगडत रानात गेला आणि पुन्हा त्या वाडग्याकडे फिरकला नाही. पठारावरचे सारे गुराखी सावूकडे रोपं मागायला आले. तिने ती हसत दिली.

बोध: संकटाने वरचं सारं नेलं, तरी मूळ जिवंत असेल तोवर जागा सोडू नये.