सोनसळी होडी आणि सुनेचा वसा

ऐका दर्यामाउली, तुमची कहाणी.

आटपाट बंदर होतं. तिथं जोमा नाखवा राहत होता. त्याच्यापाशी पणज्याच्या हातची सागवानी होडी होती. तिचं नाव सोनसळी. पुढचं टोक, म्हणजे नाळ, हंसाच्या मानेसारखी, फळ्या आरशासारख्या. येणारा जाणारा थांबे, म्हणे, "नाखवा, अशी होडी साती बंदरांत नाही." नाखवा फुगे. मग त्यानं काय केलं? होडी पाण्यातून काढली, वाळूवर उंच ठेवली, उन्हात चमकेल अशी. रोज पुशी, रोज न्याहाळी. मासळीला नेईना. खवले लागतील, रंग जाईल. पोटचा लेक हाशा दुसऱ्याच्या डुगडुगत्या होडक्यातून जाळं टाकायला जाऊ लागला.

मग दर्यामाउलीनं म्हाताऱ्या कोळणीचं रूप घेतलं. नाखव्यापाशी आली, म्हणाली, "नाखवा, खाडीपलीकडं माझी लेक बाळंत होतेय. मला सोड." नाखवा म्हणाला, "आजी, तुझे पाय चिखलाचे." म्हातारी पाय धुऊन आली. नाखवा म्हणाला, "तुझी पाटी गळते." म्हातारी पाटी टाकून आली. नाखवा म्हणाला, "आज नको. आज पाहुणे होडी बघायला येणार." तशी म्हातारीचे डोळे लाल झाले. "बघायला ठेवलीस? मग बघतच राहशील!"

नाखव्याची सून चांगुणा हे ऐकत होती. ती धावत गेली, म्हातारीचे पाय धरले. "आजी, काही उपाय सांगा." "वसा सांगते, पण तू मधेच सोडशील." "मी होऊन सोडणार नाही." "तर मग रोज दर्याची घागर होडीवर ओत. लाकूड तहानेलं ठेवू नको. अडल्यानडल्याला होडी नाही म्हणू नको."

चांगुणेनं वसा घेतला. पहिल्या दिवशी घागर ओतली. शेजारणी हसल्या, "होडीला न्हाऊ घालतेय, उद्या काजळ घालील!" दुसऱ्या दिवशी ओतली. सासरा म्हणाला, "सूनबाई, मिठानं रंग उडतो." तिसऱ्या दिवशी ओतायला गेली, तर त्यानं घागर हिसकली, दगडावर आपटली, खापऱ्या केल्या. होडीजवळ फिरकायची बंदी केली. वसा मोडला. चैत्र गेला, वैशाख आला. सोनसळी बाहेरून झळके, आतून फळ्या आकसत गेल्या.

मग एके दिवशी भर दुपारी वारा उठला. होडकं उलटलं. बाकीचे पोहून आले, हाशा तेवढा खडकाला धरून राहिला. किनाऱ्यावरून दिसत होता. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. लहान होड्या लाटांपुढं टिकेनात. चांगुणा धावत आली. "मामंजी, सोनसळी काढा!"

नाखवा होडीला पाठ लावून उभा राहिला. "खडकाशी नेऊ? नाळ फुटेल गं. ओहोटी लागू दे."

चांगुणेनं आजवर सासऱ्यापुढं मान वर केली नव्हती. ती केली. "ओहोटीला काय प्रेत आणायचंय? नाळ फुटेल म्हणता, माझं कपाळ फुटतंय ते दिसत नाही? सरका, नाहीतर तुमच्या अंगावरून ओढीन!"

नाखवा बाजूला सरला. सगळं बंदर जमलं, होडी पाण्यात लोटली. तशी सांध्यासांध्यातून पाणी आत आलं. नाखवा ओरडला, "बुडवलीस माझी सोनसळी!" चांगुणा म्हणाली, "मी बुडवली? घागर कुणी फोडली?" तिनं घरातून लग्नाचा शालू आणला, टराटरा फाडला, भेगांत कोंबला. हसलेल्या शेजारणींनी आपले पदर फाडले. म्हाताऱ्यांनी वल्ही मारली, बायकांनी पाणी उपसलं. खडकाशी नाळ आदळली, फुटली. चांगुणेनं हात लांब केला, हाशाचा हात हाती आला.

होडी किनारी लागली. हाशा काळानिळा पडला होता. नाखवा पाण्यात धावत आला. फुटक्या नाळेवर हात ठेवला, म्हणाला, "अरेरे, किती गं लागलं तुला!"



चांगुणा म्हणाली, "मामंजी, मोठ्यानं बोला. तुमच्या लेकाला ऐकू नाही गेलं."

नाखव्यानं लेकाकडं पाहिलं. लेकानं मान फिरवली. गर्दीत ती म्हातारी उभी होती. नाखवा तिच्या पाया पडायला गेला. ती मागं सरली. "मला काय विचारतोस? ज्याला विसरलास त्याला विचार." मग नाखव्यानं डोईचा फेटा सोडला, लेकाचं अंग पुसू लागला. चांगुणा म्हणाली, "पुसा. पण माझा राग गेला असं समजू नका. तो जाईल तेव्हा मी सांगेन."

सोनसळी पुन्हा वाळूवर बसली नाही. फुटक्या नाळेनंच मासळीला गेली, अडल्यानडल्याला गेली. वल्हं नाखव्याच्या हाती असे. चांगुणेनं राग कधी सोडला ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि नाखव्यानं विचारायचं धाडस केलं नाही.

दर्यामाउली जशी चांगुणेला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. गेलेलं माणूस घरी येवो. ही साठां लाटांची कहाणी पांचा लाटांत किनारी लागली, सुफळ संपूर्ण.