सरदाराचं घंगाळ

बर्फाच्या डोंगरांखाली एक गाव होतं. त्या गावात रिग्झिन नावाचा एक वाटाड्या राहत असे. ज्याला शिखरावर जायचं असेल तो आधी त्याच्या दारी येई.

एकदा खालच्या मुलखातून एक सरदार आला. राजाच्या वाढदिवसाला शिखरावर झेंडा लावीन, असं तो दरबारात बोलून बसला होता. रिग्झिनने त्याला बारा दिवसांचा बेत सांगितला. वर हवा विरळ असते, म्हणून एक दिवस चढायचं आणि एक दिवस थांबायचं, म्हणजे अंगाला सवय होते. सरदार म्हणाला, सहा दिवस पुरेत.

मग त्याने सामान पाहिलं. त्यात गावातल्या हमालांच्या घोंगड्यांची आणि लोकरी बुटांची नऊ गाठोडी होती. ती त्याने बाहेर काढायला लावली आणि त्या जागी आपला गालिचा आणि अंघोळीचं तांब्याचं घंगाळ बांधायला सांगितलं.

रिग्झिनचं डोकं तापलं. "आणि या माणसांनी बर्फात काय पांघरायचं?"

"हमालांना थंडीची सवय असते," सरदार म्हणाला.

"थंडीची सवय कुणालाच नसते, सरकार. त्यांना गप्प बसायची सवय आहे."

रिग्झिनने खांद्यावरचा दोर खाली ठेवला, मी येणार नाही म्हणून सांगितलं आणि तडक घर गाठलं. सरदाराने शेजारच्या गावातून मान डोलवणारा दुसरा वाटाड्या आणला. हमाल मुकाट्याने ओझी उचलून निघाले.

चौथ्या दिवशी वर सरदाराचं डोकं ठणकू लागलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, तो बरळू लागला. नवा वाटाड्या घाबरून एकटाच पळाला. कुडकुडणाऱ्या हमालांनीच सरदाराला आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली आणलं. त्यांच्यातल्या आंगचुकच्या पायाची तीन बोटं बर्फाने काळी पडली. ती वैद्याला कापावी लागली.

गावात आल्यावर सरदार दोन दिवसांत बरा झाला. चावडीवर बसून गरम पेज पीत तो सांगू लागला, की हमाल आळशी निघाले, म्हणून शिखर हुकलं.

हे कानावर येताच रिग्झिन आंगचुकला आधार देत चावडीवर घेऊन आला. "हा पाय बघा," तो सरदाराला म्हणाला. "तुम्हाला पाठीवर घेऊन उतरताना असा झाला."

सरदाराने तोंड फिरवलं.

रिग्झिन गावकऱ्यांकडे वळला. "मला यांचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो. मी एकटा नाही म्हणालो आणि घरी जाऊन शेकत बसलो. माझी बोटं शाबूत राहिली. तुम्हाला थांबा म्हणायला मी मागे वळलोसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सरदार परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाला एकानेही हात लावला नाही. त्याने राजाचं नाव घेऊन धमकावलं, मग गयावया केली. शेवटी पेलवेल तेवढं स्वतःच्या खांद्यावर घेऊन, दर वळणावर टेकत तो घाट उतरला.

तेव्हापासून त्या गावात मोहिमेचा बेत हमालांना सोबत घेऊनच ठरतो. त्यांच्यातल्या एकाने जरी नाही म्हटलं, तरी ओझं कुणीच उचलत नाही.

तात्पर्य एवढंच: एकट्याने दिलेला नकार फार तर आपल्याला वाचवतो, अन्याय थांबवायचा असेल, तर शेजारच्यालाही हाक मारावी लागते.