उस्तादांचा कंगवा

"आता तरी कंगवा देता का, उस्ताद?"

गच्चीचं दार पुरतं उघडलंही नव्हतं, तोवर करुणानं विचारलं. तिला जिना संपेपर्यंतही दम निघाला नव्हता.

देवमन उस्ताद गुडघे धरत मागून वर आले. कोपऱ्यातली रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर टेकले.

"आंधी काम, मंग कंगवा," ते म्हणाले.

अकोल्यात एसीची कामं करणारे ढिगानं आहेत. पण नुसतं उस्ताद म्हटलं की माणसं देवमनरावांचंच नाव घेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात फडक्यात गुंडाळलेला एक कंगवा असे. केसांचा नव्हे. एसीच्या कॉइलवर कागदासारख्या पातळ पट्ट्यांची दाट रांग असते, तिला फिन म्हणतात. त्या वाकल्या की सरळ करायचा हा कंगवा. पितळी मुठीचा. उस्तादांना तो त्यांच्या उस्तादांनी दिला होता.

आता गुडघ्यांनी दगा दिला होता. जिने चढवत नव्हते. उस्तादांनी बोलून टाकलं होतं, कंगवा ज्याला, दुकान त्याला.

बस, तेव्हापासून करुणा तायडेची झोप उडाली होती. वर्षभर ती त्यांच्या हाताखाली होती, आणि दुकानात दुरुस्तीला आलेल्या कॉइलच्या वाकलेल्या फिन सरळ करण्यात तिचा हात धरणारं तिथं कोणी नव्हतं. हे दुसऱ्या कोणी म्हणायची ती वाट बघत नसे, स्वतःच सांगे. आज निकाल लागणार, असं तिनं घरी सांगितलं होतं. घरी सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. आईनं सकाळीच रव्याचे लाडू वळायला घेतले होते.

आजवर उस्ताद गच्चीवर एसीचं बाहेरचं युनिट धूत, तेव्हा करुणा खाली खोलीत आतल्या युनिटखाली घाण पाणी झेलायची पिशवी धरून उभी असे. आज पहिल्यांदाच गच्ची तिची होती.

तिनं एसीचा मेन स्विच बंद केला. पंपाला पाइप जोडला. पंप सुरू केला.

कॉइलवर धुळीचा जाड थर होता. करुणानं पाण्याची धार पूर्ण जोरात सोडली, थेट समोरून. चिखल ओघळला. बघता बघता कॉइल चांदीसारखी चकाकायला लागली.

धारेच्या जोरानं एका कोपऱ्यातल्या फिन मात्र आडव्या झाल्या.

करुणाला तर हेच हवं होतं. तिनं आपला प्लास्टिकचा कंगवा काढला आणि वरून खाली असा काही चालवला की पाच मिनिटांत सगळ्या पट्ट्या शाळेतल्या पोरांसारख्या ओळीत उभ्या राहिल्या.

तिनं वळून पाहिलं.

उस्ताद दूर कुठेतरी, कापसाच्या जिनिंग गिरणीच्या धुराड्याकडे बघत होते.

"झालं, उस्ताद. चालू करू?"

"कर."

खालच्या खोलीत घरमालकीण सुलभाकाकू एसीखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांचा आवाज जिन्यातून वर आला.

"काव करुणा, काय केलं व तू? हे तं पह्यलेपेक्षाही गरम हवा फेकून राह्यलं."

 करुणाचं तोंड काही गप्प बसेना.

"गॅस कमी असंल, उस्ताद. कॉइल तं एकदम साफ आहे. गॅस भरा लागते."

उस्ताद उठले. युनिटपाशी आले. बोटानं खूण केली, स्विच बंद कर. मग पाना घेऊन त्यांनी स्वतः वरचं झाकण काढलं.

सकाळचं ऊन कॉइलवर थेट पडलं होतं. बाहेरची बाजू डोळे दिपवत होती.

"आतून पाह्य," उस्ताद म्हणाले.

करुणानं वाकून आत डोकं घातलं. पंखा, मोटर, तांब्याच्या नळ्या. आणि कॉइलची आतली बाजू.

"काय दिसते?"

"काही नाही."

"ऊन किती आहे बाहेर?"

"चटके बसून राह्यले, उस्ताद."

"मंग आत काहून नाही आलं?"

करुणानं डोकं आणखी आत घातलं.

एक तिरीप नव्हती. सुईच्या टोकाएवढासुद्धा उजेड नव्हता. आत मळकट पांढरा थर गच्च बसला होता, जिनिंगमधून उडून आलेली रुई आणि धूळ. पंखा ती बाहेरून आत ओढत आला होता आणि राहिलेली कसर करुणाच्या धारेनं भरून काढली होती. तिनं कॉइल धुतली नव्हती. तिनं ती ठासून भरली होती, आणि वरून भांग पाडून दिला होता.

तिचे कान तापले. लाडू आठवले. आईचा चेहरा आठवला. आणि मग, खरं सांगायचं तर, हे सगळं एकदम मागं पडलं. कारण तिला दिसलं होतं. काय चुकलं ते इतकं लख्ख दिसलं होतं की हात शिवशिवायला लागले.

"आतून," ती स्वतःशीच म्हणाली. "जिकडून आली, तिकडंच काढा लागते."

उस्ताद पुन्हा बादलीवर जाऊन बसले.

करुणानं मोटरवर आणि वायरिंगवर प्लास्टिक बांधलं. पंप तिनं यावेळी लावलाच नाही. नळाला साधा पाइप जोडला, त्याच्या तोंडावर अंगठा धरला आणि आतून बाहेर पाणी सोडलं. सावकाश, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर घालावं तसं.

काहीच झालं नाही.

मग बाहेरच्या बाजूला फिनमधून काळं पाणी झिरपलं. मग रुईचा एक लोळा फुगून बाहेर आला आणि बदकन गच्चीवर पडला. मग दुसरा. मग जुनी गादी फाटावी तसे लोळ्यांवर लोळे पडू लागले.

करुणा हसायला लागली. एकटीच, मोठ्यानं. पाय काळ्या पाण्यात, ओढणी भिजलेली, आणि हसू काही थांबेना.

"उस्ताद, पाहा ना. उस्ताद, अजून येऊन राह्यलं."

उस्ताद पाहत होते.

पाणी नितळ यायला लागलं आणि त्याच क्षणी आत ऊन आलं. बारीक बारीक रेघांनी आलं, मोटरवरच्या प्लास्टिकवर पडलं, तिच्या ओल्या मनगटावर पडलं. करुणानं पाइप खाली ठेवला आणि हात तसाच धरून ठेवला. मनगटावर उन्हाच्या रेघा मोजताही येणार नाहीत इतक्या होत्या. वर्षभरात एवढा आनंद तिला झाला नव्हता.

यावेळी एकही फिन वाकली नव्हती, कंगवा लागलाच नव्हता. हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

प्लास्टिक काढलं, सगळं पुसून कोरडं केलं, झाकण बसवलं. स्विच चालू केला. दोघं जिन्याकडे कान लावून उभे राहिले.

"करुणा," जिन्यातून काकूंचा आवाज आला, "कमी कसा करा लागते हा? शाल घ्या लागली व मले."

करुणानं उस्तादांकडे पाहिलं. कंगवा मागायची आता तिला लाज वाटत होती, आणि न मागणं तर तिच्या स्वभावातच नव्हतं.

"उस्ताद..."

उस्तादांनी खिशातून पुरचुंडी काढली. फडकं उलगडलं आणि कंगवा तिच्या हातावर ठेवला.

एवढ्या दिवसांत करुणानं तो जवळून कधी पाहिलाच नव्हता. हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. दातांवरून बोट फिरवलं. दात धारदार होते. एकावरही ओरखडा नव्हता. पितळेची मूठ खिशात घासून गुळगुळीत झाली होती, तेवढीच काय ती जुनी.

"उस्ताद, हा तं कोराच आहे. तुमच्या उस्तादांचा ना हा? त्यायनंही नाही वापरला?"

उस्तादांनी हात पुढं केला.

"तुहा दाखव."

तिनं आपला प्लास्टिकचा कंगवा दिला. एका वर्षातला. दात झिजून बोथट झालेले, मधले दोन तुटलेले.

उस्तादांनी तो उन्हात धरला, बराच वेळ पाहिला. मग फडक्यात गुंडाळून आपल्या खिशात टाकला.

करुणानं पितळी मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिला एकाच वेळी हसू येत होतं आणि रडू येत होतं.

उस्ताद गुडघ्यावर हात ठेवून जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीवर थांबले.

"ठेव तुह्यापाशी," ते म्हणाले. "झिजला तं वापस आनून देजो."